मुंबईची कलापात्रे आणि संग्राहकाची दृष्टी

जुन्या वस्तूंचा संग्रह करण्याचा छंद सुसंस्कृत होय, यात शंका नाही. परंतु वस्तू पारखावी कशावरून, हा प्रश्न त्या छंदाइतका सोपा नाही. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत तयार झालेली मातीची पात्रे या दृष्टीने विचार करण्याजोगी आहेत.

ही शाळा १८५७ साली निघाली. तेथे १८७० नंतरच्या काही वर्षांत जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी कुंभारकाम सुरू केले आणि झिलईत निष्णात असलेले सिंधमधील कुंभार त्यासाठी मुंबईस आणविले. त्याच सुमारास, १८७२ पासून, जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. सिंधची झिलई आणि अजिंठ्याची आकृती यांचा संगम या पात्रांवर झाला. दैवयोग असा की, त्या प्रतिकृतींपैकी पुष्कळशा १८८५ साली लंडनच्या साऊथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. कापडावरचे जळाले, भट्टीतून आधीच निघालेल्या मातीवरचे मात्र राहिले.

एवढ्यावरून ही सर्वच पात्रे श्रेष्ठ ठरतात काय? आम्हांस तसे वाटत नाही. अजिंठ्याच्या छतावरील चौकटींत जी कमळे व पक्षी आहेत, ती थाळीच्या किंवा सुरईच्या गोलाईवर सहज विसावतात. कारण ती मुळातच आखीव जागा भरण्यासाठी काढलेली होती. मानवाकृतींची गोष्ट निराळी. भिंतीवर त्या एकमेकींकडे पाहतात, कथा पुढे नेतात. पात्राच्या फुगीर पोटावर त्या एकट्या पडतात आणि नुसते अलंकरण होऊन बसतात. जेथे नक्षी घाटातून उगवते तेथे पात्र जिवंत वाटते. जेथे ती वरून चिकटविली आहे, तेथे झिलईची चमकही ते उणेपण झाकू शकत नाही.

दुसरे वैगुण्य अधिक खेदजनक आहे. अशा पात्राच्या तळाशी शाळेची मुद्रा आढळते, पण ज्याच्या बोटांनी ते चाकावर चढविले त्याचे नाव बहुधा आढळत नाही. ऑस्ट्रेलियात मेरिक बॉइड हा कलावंत कुंभार आपल्या पात्रांच्या तळाशी स्वतःचे नाव आणि साल कोरीत असे. म्हणून तेथील संग्राहक त्याच्या हाताचा विकास वर्षावर्षाने पाहू शकतो. आपला संग्राहक मुद्रा वाचतो आणि तेथेच थांबतो. मुद्रा पटली की किंमत चढते. घाट पाहण्याची गरजच उरत नाही!

वस्तुतः पारख कशी करावी, हे आपल्या परंपरेने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे. गोरोबाकाकांनी संतांची परीक्षा थापटण्याने केली, अशी कथा आहे. कोणाचे नाव किती मोठे, हे त्यांनी विचारले नाही. मडके पक्के की कच्चे, एवढेच पाहिले, आणि नामदेवांसारख्यांनाही त्यातून सूट दिली नाही. हीच कसोटी आम्ही संग्राहकापुढे ठेवू इच्छितो.

ही कसोटी लावली तर दृष्टी मुंबईपुरती राहणार नाही. आमच्या पुसदकडील वैशाखात घरोघर पाणी निववणारा रांजण घ्या. त्याला झिलई नाही, आणि नाही हेच योग्य; सच्छिद्र मातीतून पाणी झिरपते, बाहेर वाळते आणि आतले पाणी गार होते. घाट, माती आणि उपयोग येथे एकजीव आहेत. त्यालाही कर्त्याचे नाव नाही; मात्र तो घडविणारा अद्याप गावात आहे, त्याला विचारता येते.

मुंबईस जाणाऱ्यांनी राणीबागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात ही कलापात्रे अवश्य पाहावीत, पण काचेपुढे उभे राहून आधी घाट पाहावा, नाव मागाहून वाचावे. आणि ज्यांस संग्रहच करावयाचा आहे, त्यांनी गावच्या कुंभाराचे एखादे उत्तम मडके विकत घेऊन त्यावर त्याचे नाव व साल लिहून ठेवावे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जी नोंद राहून गेली, ती आजच्या कारागिरापुरती तरी राहू नये.