२५ चौरस मीटरची वास्तुकला

आपल्याकडे वास्तुकलेवर लिहिलं जातं ते वाडे, लेणी आणि श्रीमंतांच्या बंगल्यांवर. गरिबाचं घर सरकारी योजनेच्या खात्यात जातं. साताऱ्यातल्या वडूजच्या पंचायत समितीतून खटाव तालुक्यातल्या गावांना घरकुलं मंजूर होतात, तेव्हाही बोलणं चालतं ते यादीचं आणि हप्त्यांचं. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत किमान २५ चौरस मीटरचं घर आणि सपाट भागात १ लाख २० हजारांचं अनुदान आहे. बांधकामाचे फोटो पाहून हप्ते सुटतात, पण घर राहण्याजोगं झालं का, हे फोटोत दिसत नाही. समोरासमोर खिडक्या नाहीत, उन्हाळ्यात स्लॅब तापतो, पुढे मजला चढवायचा तर जिन्याला जागाच सोडलेली नाही. या आखणीच्या चुका आहेत. पैसे वाढवून त्या सुधारणार नाहीत; त्यांना आर्किटेक्टची नजर लागेल.

यावर पहिला आक्षेप असा, की आर्किटेक्ट आले की मातीच्या घरांचे गोडवे सुरू होतात आणि लोकांना तर स्लॅब हवा असतो. आक्षेप खरा आहे. माळवदाखाली गारवा असतो, पण त्यावर दर पावसाळ्याआधी माती टाकणार कोण? शिवाय ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेच्या आणि ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींनीच माणसं मारली. स्लॅबची ओढ हा शहाणपणाच आहे. पण किल्लारीचा दुसरा धडा आपण विसरलो. तिथे ५२ गावं उठवून चौकटीच्या कागदासारख्या आखलेल्या नव्या वसाहतींत नेली. त्याच कार्यक्रमात लाखाहून अधिक घरं जागच्या जागी, मालकाच्या देखरेखीखाली आणि अभियंत्यांच्या सल्ल्याने दुरुस्त व मजबूत झाली. माझ्या मते कौशल्याचा खरा उपयोग या दुसऱ्या कामात झाला, आणि कौतुक मात्र पहिल्याच्या वाट्याला आलं.

दुसरा आक्षेप: नमुने तयारच आहेत. केंद्राने प्रदेशवार घरांचा ‘पहल’ हा संग्रह काढला, हे खरं. पण गावठाणातला तुकडा लांबट असतो, एक भिंत भावकीशी सामाईक असते; पुस्तकातला नमुना त्यावर तसाच बसत नाही. इथे लागते मोजणारी नजर. शेजारच्या सांगलीत पुण्याच्या ‘शेल्टर असोसिएट्स’ने आधी झोपडपट्ट्यांची घरवार मोजणी करून नकाशे केले आणि मग घरांची आखणी रहिवाशांशी बोलून केली. दप्तरात ज्यांची नोंद नव्हती, ती घरं कागदावर आली, हीसुद्धा वास्तुकलाच.

ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोपीला मात्र कोणतीच योजना घर म्हणत नाही. तो प्रश्न एकट्या आर्किटेक्टच्या हातातला नाही, साखर कारखान्यांच्याही दारातला आहे.

राहता राहिली फी. प्रत्येक घराला आर्किटेक्ट परवडणार नाही, तालुक्याला एक परवडेल. वास्तुशास्त्राच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचं सत्र सक्तीचं असतं. सातारा-सांगलीच्या पंचायत समित्यांनी या आर्किटेक्टच्या मदतीला महाविद्यालयांकडे त्या सत्रातली दोन-दोन मुलं मागावीत, आणि पायाचा हप्ता सोडण्याआधी त्यांना गवंड्यासोबत जागेवर पाठवावं.