आठवणीचा पहिला वाचक

१९३३ साली नागपुरात मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षस्थानी लक्ष्मीबाई टिळक होत्या. शाळेत न गेलेल्या या बाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने ग्रंथरूपात आली. त्या ग्रंथाची जन्मकथा आपल्या लिहित्या मंडळींनी ध्यानात ठेवावी अशी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले. चिरंजीव देवदत्त यांना त्यांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईला आठवणी लिहून काढण्यास सांगितले. मागितली होती चरित्राची सामग्री. हाती आला स्वतंत्र ग्रंथ. आपण मागितले त्याहून हे निराळे आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे, हे ओळखणे हे पहिल्या वाचकाचे मोठे काम.

या पुस्तकात टिळकांचे औदार्य आहे, तसा त्यांचा तापट स्वभावही आहे. १८९५ साली पतीने बाप्तिस्मा घेतला. स्वतः लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधल्या वर्षांतील वियोग, राग आणि सोवळ्याओवळ्याची ओढाताण त्यांनी झाकलेली नाही. ‘एवढ्या भक्त कवीचे दोष कशाला सांगावेत?’ असा सल्ला कोणी दिला असता आणि त्यांनी तो मानला असता, तर मराठीचे केवढे नुकसान झाले असते!

असा सल्ला मी स्वतः दिलेला आहे. रामदासपेठेतील एका घरी आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो आणि आपापले लेखन वाचून दाखवितो. एकदा एका तरुणाने आपल्या मद्यपी वडिलांविषयी लेख वाचला. लेखाच्या शेवटी क्षमा नव्हती. मी म्हणालो, “बाळ, शेवटी क्षमा यायला हवी. आपण ख्रिस्ती आहोत.” “हो, काका,” म्हणून त्याने वही मिटली. तो पुन्हा आला नाही.

त्या लेखात एक वाक्य होते : वडील येईपर्यंत तो मुलगा दाराला कडी न लावता जागा राहत असे. मला हवी असलेली क्षमा कदाचित त्या उघड्या कडीतच होती. मी त्याला इतकेच विचारावयास हवे होते, “त्या वेळी घरात आणखी कोण जागे असे?” मी लेखाविषयी बोललो नाही, त्याच्या आयुष्याचा निवाडा केला.

आत्मपर लेख म्हणजे पापनिवेदन नव्हे आणि श्रोता म्हणजे धर्मगुरू नव्हे. उलट, ‘फार छान, डोळ्यांत पाणी आले’ एवढेच म्हणणे हीदेखील टाळाटाळच. त्याने लेखकाचे मन राखले जाते, लेख मात्र जागचा हलत नाही. उपयोगी अभिप्रायाचा क्रम मला आता असा दिसतो. ऐकून झाल्यावर मनात काय उरले, ते प्रथम लेखकाला सांगावे. आपला लेख दुसऱ्यापर्यंत कसा पोचला, हे त्याला एरवी कळत नाही. मग जेथे आपल्याला दिसेनासे झाले, ती जागा दाखवून प्रश्न विचारावा. ‘दुःखाला पारावार राहिला नाही’ या वाक्यापाशी ‘त्या संध्याकाळी चूल कोणी पेटविली?’ एवढे विचारले, तरी एक नवे पान लिहून होते. शुद्धलेखन आणि भाषा यांचे बोलणे सर्वांत शेवटी. आणि लेखकाने कसे वागावयास हवे होते, हे मुळीच बोलू नये.

क्षुल्लक तपशील गाळण्याची घाईही नको. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’मध्ये पोरवयातील नासपतीच्या चोरीवर पानेच्या पाने खर्च केली आहेत, मानवी पापाचे मूळ त्यांना त्या फळांपाशीच सापडले.

आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत अशा आठवणी आहेत. त्या लिहिल्या गेल्या, तर पहिला वाचक बहुधा घरातलाच असेल, मुलगा, सून किंवा शेजारी. त्याने निष्कर्ष सांगण्याची घाई करू नये, प्रश्न विचारावा. तो तरुण पुन्हा आलाच, तर मीही त्या कडीविषयीच विचारीन.