क्ष-किरण झोत : निरीक्षण आणि अनुमान यांची चिकित्सा

तारकीय वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या झोतांविषयी लिहिताना स्टेफान कोर्बेल व सहकाऱ्यांच्या २००२ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाचा आधार वारंवार घेतला जातो. तो योग्यच आहे. मात्र त्यात प्रत्यक्ष मोजले काय आणि गृहीतकावर उभे केले काय, याची फोड क्वचितच केली जाते.

नॉर्मा तारकासमूहातील एक्सटीई जे१५५०-५६४ या युग्माचा उद्रेक सप्टेंबर १९९८मध्ये रॉसी उपग्रहाने टिपला. चंद्रा दुर्बिणीच्या जून २०००मधील प्रतिमेत उगमाच्या पूर्वेस सुमारे २१ विकलांवर क्ष-किरणांचा स्वतंत्र ठिपका दिसतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. मार्च २००२मध्ये तो सुमारे २९ विकलांवर पोहोचला आणि पश्चिमेसही जोडीदार आढळला. म्हणजे पहिल्या सुमारे एकवीस महिन्यांत २१ विकला, तर पुढील तेवढ्याच काळात जेमतेम सात-आठ. झोत मंदावत असल्याचा हा पुरावा निबंधाचे खरे सामर्थ्य होय. द्रव्य १९९८च्या उद्रेकातच बाहेर पडले, हे गृहीतक त्यामागे आहे. पण उद्रेकानंतर लगेचच रेडिओ निरीक्षणांत उत्सर्जन दिसले असल्याने ते निराधार नाही. दीर्घिकांच्या झोतांत असा बदल पाहण्यास मानवी आयुष्य अपुरे पडते.

इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेची गोष्ट मात्र निराळी. रेडिओपासून क्ष-किरणांपर्यंतचा वर्णपट सिंक्रोट्रॉन प्रारणाशी जुळतो, एवढे निरीक्षण. १० टेराइलेक्ट्रॉन-व्होल्ट हा आकडा चुंबकीय क्षेत्राच्या मूल्यावर अवलंबून आहे आणि ते मूल्य कण व क्षेत्र यांच्यात ऊर्जेची समान वाटणी मानून काढलेले आहे. पाठ्यलेखनात ही अट गळते आणि आकडा मोजलेला असल्यासारखा वावरतो. कणांना वेग देणारे आघात झोताच्या आतले की आंतरतारकीय माध्यमाशी झालेल्या टकरीचे, हा प्रश्न लेखकांनी प्रामाणिकपणे खुला ठेवला आहे. पुढील प्रतिमानांनी टकरीला अधिक महत्त्व दिले.

‘कृष्णविवरातून निघणारे झोत’ हा रूढ शब्दप्रयोगही येथे तपासावा लागतो. द्रव्य विवराच्या परिसरातून सुटते, विवरातून नव्हे; आणि हे क्ष-किरण तर उगमापासून प्रकाशवर्षाहून अधिक दूर निर्माण होतात. झोत सुटतो कसा, याविषयी ते थेट काहीच सांगत नाहीत. मॅक्सी जे१८२०+०७० या युग्माच्या २०१८च्या उद्रेकानंतर चंद्राने टिपलेल्या झोतांनाही हीच मर्यादा लागू पडते.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ॲस्ट्रोसॅटच्या माहितीवर प्रकल्प होतात, म्हणून हा भेद केवळ शब्दच्छल ठरत नाही. २०१५ साली प्रक्षेपित झालेल्या या उपग्रहावरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विकसित झालेल्या मृदू क्ष-किरण दुर्बिणीची विभेदनक्षमता सुमारे दोन कला, म्हणजे १२० विकला आहे. वीस-तीस विकलांवरचे ठिपके तिला केंद्रापासून वेगळे दिसूच शकत नाहीत. तिच्या नोंदींतील चढउतार झोताच्या नावावर मांडायचे, तर त्यासाठी रेडिओ निरीक्षणांसारखा स्वतंत्र पुरावा आणावा लागतो.