‘पक्षाचा’ आणि ‘पक्षात’ : मतदाराच्या पक्षनिष्ठेच्या उपपत्तीची एक चिकित्सा

१

सामान्य मतदार अमुक एका पक्षाचा कसा होतो, या प्रश्नाची जी शास्त्रीय उत्तरे आज अभ्यासक्रमांतून शिकविली जातात, ती बहुतांशी अमेरिकेत घडलेली आहेत. १९४० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील एरी परगण्यात मतदारांची वारंवार भेट घेऊन पाहणी केली. प्रचाराने मतदार फारसा हलत नाही. त्याचा धर्मपंथ, त्याची आर्थिक पायरी आणि तो खेड्यात राहतो की शहरात, यांवरून त्याचा कल आधीच ठरलेला असतो, असे त्यांना आढळले. पुढे १९६० साली मिशिगन विद्यापीठातील अँगस कॅम्बेल, फिलिप कॉन्व्हर्स, वॉरन मिलर आणि डोनाल्ड स्टोक्स या चौघांचा ‘दि अमेरिकन व्होटर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ‘पक्षाशी तादात्म्य’ ही संज्ञा रूढ झाली. त्यांच्या मते पक्षाविषयीची आपुलकी मूल बहुधा आईबापांकडून घेते, ती सहसा आयुष्यभर टिकते, आणि उमेदवार काय किंवा धोरण काय, मतदार या दोहोंकडे त्या आपुलकीच्या भिंगातूनच पाहतो.

या मताला प्रतिपक्ष नव्हता असे नाही. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्येच मतदाराला लाभहानीचा हिशेब करणारा म्हणून उभे केले होते. मॉरिस फिओरिना यांनी १९८१ मध्ये पक्षनिष्ठा म्हणजे पक्षांच्या कारभाराचा मतदाराने मनात ठेवलेला चालू जमाखर्च, अशी तडजोडीची मांडणी केली. २००२ मध्ये डोनाल्ड ग्रीन, ब्रॅडली पामक्विस्ट व एरिक शिक्लर यांनी पुन्हा उलट बाजू घेतली आणि पक्षनिष्ठा ही धर्मपंथाच्या निष्ठेसारखी सामाजिक ओळख आहे, असे प्रतिपादिले. वाद जुना आहे आणि मिटलेला नाही. तथापि वादातील दोन्ही बाजूंना एक गोष्ट गृहीत आहे : प्रश्न एका व्यक्तीला विचारता येतो, आणि ती व्यक्ती ‘मी’ या कर्त्याने उत्तर देते. या गृहीतकाची चिकित्सा मराठी भाषेच्या आधारे करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

अमेरिकेत हे गृहीतक निराधार नाही. तेथील अनेक राज्यांत मतदार नाव नोंदविताना स्वतःचा पक्षही नोंदवितो, आणि काही राज्यांत त्या नोंदीवरच पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देण्याचा अधिकार अवलंबून असतो. टेक्सास आणि विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत अशी नोंद नाही. परंतु बोलण्याची रीत सर्वत्र सारखीच आहे. तेथील मतदार ‘मी एक डेमोक्रॅट’ असे नामाने सांगतो. आपण शिक्षक आहोत किंवा कॅथलिक आहोत, हे ज्या वाक्यरचनेने सांगायचे, तिनेच पक्षही सांगायचा. मिशिगनच्या संशोधकांनी आपल्या प्रश्नावलीत मतदाराला, तो सामान्यतः स्वतःला या दोन पक्षांपैकी कोण समजतो की स्वतंत्र समजतो, असेच विचारले. त्यांचा प्रश्न त्यांच्या भाषेच्या अंगावर बसलेला होता.

भारतात ही पद्धत आली ती निष्फळ ठरली असेही नाही. पुणे विद्यापीठाचे प्रा. व. मं. सिरसीकर यांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुणे मतदारसंघाची केलेली पाहणी १९६५ साली ग्रंथरूपाने आली. महाराष्ट्रातील मतदाराकडे अनुभवनिष्ठ दृष्टीने पाहण्याचा तो पायाभूत प्रयत्न होय. सॅम्युएल एल्डर्सव्हेल्ड आणि बशीरुद्दीन अहमद यांनी १९६७ व १९७१ च्या पाहण्यांवर आधारलेला ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि भारतीय मतदारातही पक्षाविषयी आपुलकी लक्षणीय प्रमाणात आहे, असा निष्कर्ष काढला. निरक्षर मतदाराला पक्ष कळत नाही, ही शहरी समजूत या ग्रंथांनी खोडून काढली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. शंका एवढीच की, जी आपुलकी मोजली गेली ती कोणाची आणि कशाविषयीची?

३

मराठीत मतदार ‘मी एक काँग्रेस’ म्हणत नाही. तो ‘आम्ही काँग्रेसचे’ म्हणतो. या दोन अक्षरांच्या ‘आम्ही’त आणि एका अक्षराच्या ‘चे’त बरेच काही साठलेले आहे.

प्रथम ‘चे’ हा प्रत्यय घ्यावा. ‘आम्ही वेरूळचे’, ‘आम्ही पाटलांच्या वाड्यातले’, ‘ती जाधवांची’ या वाक्यांत गाव, घर आणि कूळ यांच्याशी असलेले नाते षष्ठीने किंवा तिच्यासारख्या संबंधदर्शक प्रत्ययाने व्यक्त होते. हे नाते माणूस निवडत नाही. ते त्याला लागलेले असते. पक्षाचे नाते त्याच प्रत्ययाने सांगितले जाते, म्हणजे भाषेने पक्षाला गाव आणि कूळ यांच्या ओळीत बसविले आहे.

याउलट पुढाऱ्याविषयी बोलताना सप्तमी येते. पुढारी पक्षात असतो, पक्षात जातो, पक्षातून बाहेर पडतो; त्याचा ‘पक्षप्रवेश’ होतो आणि तो परत फिरला तर त्याला ‘घरवापसी’ म्हणतात. ही सारी स्थलवाचक भाषा आहे. दार आहे, उंबरठा आहे, आत-बाहेर आहे. पुढाऱ्यालाही ‘अमक्या पक्षाचा’ म्हणता येते, परंतु सामान्य मतदाराचा ‘पक्षप्रवेश’ झाला असे कोणी म्हणत नाही. पुढारी पक्षात असतो. मतदार पक्षाचा असतो. पहिल्याला घर बदलता येते, दुसऱ्याला नाते तोडावे लागते.

दुसरे, ‘पक्ष’ हा शब्दच निवडणुकीहून फार जुना आहे. वरपक्ष आणि वधूपक्ष, पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष, शुक्लपक्ष आणि कृष्णपक्ष या सर्वांत ‘पक्ष’ म्हणजे दोहोंपैकी एक बाजू. लग्नात कोणी वरपक्षाचे ‘सदस्य’ होत नाही. सोयरिकीने तो त्या बाजूला येतो. संघटना, घटना आणि वर्गणीची पावती हा अर्थ या शब्दावर मागाहून चढला. मतदाराच्या तोंडी आजही जुना अर्थ अधिक जिवंत आहे, आणि म्हणून गावात पक्षाचे भांडण पुष्कळदा भावकीच्या भांडणाची बाजू घेऊन येते.

तिसरे, सर्वनाम. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते आणि ‘आपण’ त्याला सामावून घेते. परक्याला ‘आम्ही काँग्रेसचे’ असे सांगणारा घरात मुलाला ‘आपलं मत अमक्याला’ असे सांगतो. आईबापांकडून मुलाकडे पक्ष जातो हा मिशिगनचा सिद्धांत मराठीत या एका ‘आपलं’मध्ये उतरलेला दिसेल, पण जे जाते ते पक्षाचे नाव असतेच असे नाही. ‘आपला माणूस’ हा शब्दप्रयोग ‘आपला पक्ष’ याहून कितीतरी अधिक ऐकू येतो, आणि माणसाने पक्ष बदलला तरी तो ‘आपला’ राहू शकतो.

४

या विवेचनाची कसोटी एखाद्या ठिकाणी लावून पाहणे इष्ट होय. खुलताबाद त्यासाठी सोयीचे आहे. या गावाचे नावच दोन मुखांनी उच्चारले जाते : मराठी भाषक ‘खुलताबाद’ म्हणतो, उर्दू भाषक ‘खुल्दाबाद’, खुल्द म्हणजे चिरंतन स्वर्ग. ‘रौजा’ हे जुने नाव वेगळेच. एका बाजूला सूफी संतांचे दर्गे आणि औरंगजेबाची कबर, दुसऱ्या बाजूला भद्रा मारुती, आणि तालुक्यातच वेरूळची लेणी, घृष्णेश्वर व मालोजी भोसल्यांचे गाव. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन होईपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि तेथील राज्य काँग्रेसवर १९३८ साली स्थापनेबरोबरच बंदी आली होती. म्हणून मुक्तिसंग्रामानंतर ‘काँग्रेसचे’ असणे म्हणजे एका लढ्याच्या बाजूचे असणे होते. १९५७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ औरंगाबादेतून लोकसभेवर गेले ते याच अर्थाने.

त्यानंतरचा क्रम मात्र स्थिर पक्षनिष्ठेच्या चौकटीत बसत नाही. याच मतदारसंघाने १९७७ मध्ये जनता पक्षाचे समाजवादी बापू काळदाते निवडले, १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे उर्दू कवी काझी सलीम, आणि १९८४ मध्ये देशभर इंदिरा काँग्रेसची लाट असताना समाजवादी काँग्रेसचे साहेबराव डोणगावकर. १९८९ मध्ये मोरेश्वर सावे आले आणि शिवसेनेचा काळ सुरू झाला. १९९८ चा अपवाद सोडला तर तो २०१९ पर्यंत चालला. त्या वर्षी इम्तियाज जलील ३,८९,०४२ मते घेऊन विजयी झाले. चंद्रकांत खैरे यांना ३,८४,५५० मते पडली आणि अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २,८३,७९८ मते घेतली. ज्या मतदारसंघात पक्ष नसलेला उमेदवार पावणेतीन लाखांच्या पुढे जातो, तेथे पक्षनिष्ठेची उपपत्ती थोडी थांबून पाहिली पाहिजे. विधानसभेतही तेच दिसते. २००८ च्या पुनर्रचनेपासून खुलताबाद तालुका गंगापूर मतदारसंघात आहे. २००९ मध्ये तेथून प्रशांत बंब अपक्ष म्हणून निवडून आले. २०१४, २०१९ व २०२४ मध्ये तेच भारतीय जनता पक्षाचे म्हणून निवडून आले. मतदाराने आधी माणूस घेतला. पक्ष त्या माणसामागून आला.

यावरून मतदार चंचल आहे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु ते योग्य होणार नाही. पक्षांची नावे बदलली तरी ‘आपला’ या शब्दाची कक्षा त्यामानाने हळू बदलली, असेही या क्रमाचे वाचन संभवते. येथे एक भाषिक पुरावा लक्षात घेण्याजोगा आहे. या भागातील दखनी उर्दूतही ‘हम’ आणि ‘अपन’ असा वगळणारा व सामावणारा भेद आहे; तेथेही ‘काँग्रेस के’ अशी षष्ठी आहे आणि ‘अपना आदमी’ हा शब्दप्रयोग आहे. गावाचे नाव दोन तऱ्हांनी उच्चारणारे, आणि पुष्कळदा परस्परविरुद्ध मत देणारे, दोन समाज आपली निष्ठा मात्र एकाच व्याकरणात सांगतात. धर्माने वेगळे केलेले मतदार निष्ठेच्या घडणीत वेगळे नाहीत, ही गोष्ट धार्मिक ध्रुवीकरणाची नेहमीची चर्चा विसरते. २०२५ मध्ये कबरीवरून वाद पेटला तेव्हा तर तिचा पूर्णच विसर पडला.

५

आता पाहणीच्या प्रश्नाकडे वळावे. ‘आपण स्वतःला कोणत्या पक्षाचे मानता?’ असा प्रश्न छापील मराठीत निर्दोष आहे. परंतु ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही रूप आहे आणि सामावणाऱ्या प्रथम पुरुषाचेही. ग्रामीण बोलीत पहिला उपयोग विरळ, दुसरा नित्याचा. प्रश्नकर्ता ज्याला ‘तुम्ही एकटे’ या अर्थाने विचारतो, तो श्रोता ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असा अर्थ घेऊ शकतो. ‘तुम्ही’ वापरले तर दुसरी अडचण : ते आदराचेही आहे आणि अनेकवचनीही, घरातील कर्ता पुरुष त्यास सबंध घराच्या वतीने उत्तर देतो, आणि घरातील स्त्रीचे मत त्या अनेकवचनात बुडते. निखळ एकवचनी ‘तू’ परक्या प्रौढ माणसाला म्हणता येत नाही. तात्पर्य, ज्या एकट्या मतदारावर अमेरिकन उपपत्ती उभी आहे, त्याला सभ्य मराठीत गाठण्याची वाट अरुंद आहे. उत्तर मिळते, ते आकड्यांतही मांडले जाते. मात्र ते एका व्यक्तीचे आहे असे धरून चालणे धोक्याचे आहे.

६

या युक्तिवादाची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. व्याकरणावरून मन वाचता येत नाही. सर्व मराठी भाषक एकच षष्ठी वापरतात, तरी त्यांतील कोणी घराण्यामुळे, कोणी जातीमुळे, कोणी विचाराने आणि कोणी कामाच्या हिशेबाने मत देतो. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचा अनुयायी ‘आम्ही रिपब्लिकनचे’ म्हणे, तेव्हा त्या ‘चे’त समाजाइतकीच विचाराची निवडही होती. भाषा काय घडले ते सांगत नाही. आपण काय विचारले आणि काय ऐकले, एवढे तपासण्यास ती भाग पाडते.

तेवढेही आज कमी नाही. २०२२ मध्ये शिवसेना फुटली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटास दिले. त्या निर्णयात मुख्य भार लोकप्रतिनिधींच्या बहुमतावर होता. म्हणजे पक्षात कोण आहे, हे मोजले गेले. पक्षाचे कोण आहेत, हे मोजण्याचे साधन कायद्याजवळ नव्हते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत औरंगाबाद मतदारसंघात धनुष्यबाणावर संदिपान भुमरे आणि मशालीवर चंद्रकांत खैरे समोरासमोर उभे राहिले. भुमरे ४,७६,१३० मते घेऊन विजयी झाले, जलील यांना ३,४१,४८० आणि खैरे यांना २,९३,४५० मते मिळाली. दोन्ही चिन्हांमागे मित्रपक्षांची मते असल्याने या आकड्यांवरून निष्ठेचा निवाडा होणार नाही. परंतु ‘आम्ही सेनेचे’ म्हणणाऱ्या माणसापुढे त्या दिवशी जो प्रश्न होता, तो आपुलकी आहे की नाही हा नव्हता. ‘सेना’ म्हणजे कोण, हा होता. नाते जसेच्या तसे होते. नात्याचे दुसरे टोक हलविले गेले होते.

अशा मतदाराला पाहणीच्या तक्त्यात ‘पक्ष बदललेला’ म्हणून नोंदविले जाईल, किंवा न बदललेला म्हणून. दोन्ही नोंदी त्याच्यावर अन्याय करतील. पक्षांतराचा दोष पुढाऱ्याच्या सप्तमीत आहे. मतदाराच्या षष्ठीवर तो लादता येत नाही. यापुढे जे विद्यार्थी मराठवाड्यातील मतदारांची पाहणी हाती घेतील, त्यांनी इंग्रजी प्रश्नावलीच्या भाषांतरापासून आरंभ करू नये. ‘तुमच्या घरात आपला माणूस कोणाला म्हणतात, आणि केव्हापासून?’ या प्रश्नाने करावा. पक्षाचे नाव त्या उत्तरात येईलच; मात्र ते आपल्या जागी येईल.