ऐकणारा नट

समोरचं पात्र बोलत असताना ज्यांच्यावरून नजर हलत नाही, असे नट फार थोडे. आयर्लंडचा डोनल मॅकॅन (1943–1999) त्या थोड्यांतला. बोलण्यातही तो कुणाला हार जाणारा नव्हता. डब्लिनच्या रंगभूमीवर त्याने लांबच लांब स्वगतं एकट्याच्या बळावर पेलली. पण त्याच्या अभिनयाचं मर्म ऐकण्यात आहे, आणि ते सगळ्यांत स्वच्छ दिसतं जॉन ह्यूस्टनच्या 'द डेड' (1987) या चित्रपटात.

'द डेड' ही जेम्स जॉइसच्या 'डब्लिनर्स' (1914) या संग्रहातली शेवटची कथा. जानेवारीच्या सुरुवातीची बर्फाळ रात्र. लिफी नदीच्या काठी केट आणि ज्युलिया मॉर्कन या दोन वृद्ध बहिणींच्या घरी दरवर्षीची मेजवानी आहे. त्यांचा लाडका भाचा गॅब्रिएल कॉनरॉय बायकोला, ग्रेटाला, घेऊन येतो. नाच होतो, गाणी होतात, जेवण होतं, गॅब्रिएल मावश्यांचे आभार मानणारं भाषण करतो. मग नवराबायको मुक्कामासाठी हॉटेलात जातात आणि तिथे ग्रेटा त्याला एक जुनी गोष्ट सांगते. एवढंच कथानक. जे घडायचं ते ग्रेटाच्या मनात, कित्येक वर्षांपूर्वी गॉलवेमध्ये घडून गेलेलं आहे. गॅब्रिएलच्या वाट्याला ते ऐकणं आलं आहे. असा नायक उभा करायला नटाकडे फार मोठी धीराची पुंजी लागते.

पहिला तासभर मॅकॅन जे करतो ते एकदा पाहून हाती लागत नाही. गॅब्रिएल शिकलेला, सभ्य, घरात मान असलेला गृहस्थ आहे. मेजावरचा भाजलेला पक्षी कापून सगळ्यांना वाढण्याचं काम त्याचंच. तरी त्याच्या सभ्यतेखाली सतत एक धाकधूक आहे. दारात कोट घ्यायला आलेल्या लिलीला तो सहज लग्नाबद्दल विचारतो. ती पुरुषांविषयी कडवट उत्तर देते आणि हा गोंधळून तिच्या हातात नाणं ठेवतो. मॉली आयव्हर्स नाचता नाचता त्याला इंग्रजधार्जिणा म्हणून टोचते. भाषणाचा कागद तो पुनःपुन्हा चाचपतो. मॅकॅन यातला एकही प्रसंग ठसठशीत करून दाखवत नाही. प्रत्येक टोमण्यानंतर चेहरा क्षणभर उघडा पडतो आणि लगेच पाहुणचाराच्या हसण्याने झाकला जातो. हे झाकणं इतकं सवयीचं वाटतं, की हा माणूस वर्षानुवर्षं असंच जगत आला असणार याची खात्री पटते. शेवटच्या प्रसंगाचा पाया त्याने इथे घातलेला असतो.

मग जिन्याचा प्रसंग. पाहुणे निघाले आहेत. वरच्या खोलीतून बार्टेल डार्सी 'द लास ऑफ ऑक्रिम' हे जुनं गाणं गाऊ लागतो. ही भूमिका फ्रँक पॅटरसन या खऱ्याखुऱ्या गायकाने केली आहे आणि ह्यूस्टन गाण्याला भरपूर वेळ देतो. जिन्यावर ग्रेटा थबकून ऐकते आहे. तिच्या मागे रंगीत काचेची खिडकी. खाली गॅब्रिएल उभा राहून तिच्याकडे पाहतो आहे. अँजेलिका ह्यूस्टनने साकारलेली ग्रेटा विलक्षण आहेच, पण प्रसंग तोलला आहे मॅकॅनने. ती गाणं ऐकते, तो तिचं ऐकणं पाहतो. बायको सुंदर दिसते आहे याचा आनंद त्याच्या डोळ्यांत आहे, आणि ती आपल्यापासून कुठेतरी दूर गेली आहे याची पुसट जाणीवही. दुसरी भावना पहिलीला ढकलून पुढे येत नाही. दोन्ही एकाच नजरेत नांदतात. नाट्यशास्त्राने ज्याला सात्त्विक अभिनय म्हटलं आहे त्याचं उदाहरण कुणी मागितलं, तर मी हा प्रसंग दाखवीन.

ग्रेशम हॉटेलातल्या खोलीत गॅब्रिएल ओढीने आलेला असतो. ग्रेटाचं चित्त जागेवर नाही. तो विचारतो तेव्हा कळतं, की ते गाणं मायकेल फ्युरी नावाचा एक मुलगा गात असे. गॅब्रिएलला मत्सर वाटतो. तो कोण होता, हा त्याचा प्रश्न खोचक आहे. तिच्या साध्या उत्तरांपुढे ती खोच निकामी होते: तो गॅसच्या कारखान्यात कामाला होता, तो वारला, तेव्हा तो 17 वर्षांचा होता. आजारी असताना तो भर पावसात तिच्यासाठी बागेत येऊन उभा राहिला होता. इथे मॅकॅनचा चेहरा वाचावा. मत्सर, मग ओशाळेपणा, मग आपल्या संसारात आपण किती थोडे होतो याचा साक्षात्कार, आणि या सगळ्याच्या पलीकडे ग्रेटाबद्दल करुणा. यासाठी त्याला वाक्यं जवळजवळ मिळत नाहीत. शरीर तो एका जागी ठेवतो आणि ऐकत राहतो. एखादा नट इथे डोळ्यांत पाणी आणून मोकळा झाला असता. मॅकॅन दुःख ग्रेटाकडेच राहू देतो, कारण ते तिचं आहे. हा संयम मला या भूमिकेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

ग्रेटा झोपी गेल्यावर तो खिडकीशी जातो आणि बाहेर बर्फ पडत असताना त्याचं मन बोलू लागतं. जॉइसने हा भाग तृतीयपुरुषी निवेदनात लिहिला आहे. टोनी ह्यूस्टनच्या पटकथेने तो गॅब्रिएलच्या स्वगतात बदलला. यात मोठा धोका होता. हे गद्य इतकं प्रसिद्ध आहे, की आवाज लावून म्हणण्याचा मोह कुणालाही व्हावा. मॅकॅन त्याला शरण जात नाही. विचार सुचत जावा तसा तो बोलतो आणि स्वतःचं बोलणंही ऐकतो आहे असं वाटतं. ज्युलियामावशीच्या येणाऱ्या मृत्यूचा विचार त्याच आवाजात येतो, जिवंत आणि मृत सगळ्यांवर पडणाऱ्या बर्फाचाही त्याच आवाजात.

ह्यूस्टनचा हा अखेरचा चित्रपट. श्वसनाच्या विकाराने जर्जर झालेल्या त्या दिग्दर्शकाने चाकाच्या खुर्चीत बसून, प्राणवायूच्या नळीसह तो पुरा केला आणि प्रदर्शनापूर्वीच, ऑगस्ट 1987 मध्ये, त्याचं निधन झालं. घरातले प्रसंग कॅलिफोर्नियात उभारलेल्या सेटवर झाले, पण नटसंचातले बहुतेक जण आयरिश रंगभूमीचे होते, आणि म्हणून ती मेजवानी डब्लिनचीच वाटते.

मॅकॅन त्या रंगभूमीच्या मुशीतून आलेला. वडील जॉन मॅकॅन नाटककार होते आणि दोनदा डब्लिनचे लॉर्ड मेयर. मुलाने थोडे दिवस वास्तुकलेचं शिक्षण घेतलं, वर्तमानपत्रात नोकरी केली आणि ॲबी थिएटरची वाट धरली. 1969 साली तिथे 'वेटिंग फॉर गोदो'त पीटर ओटूलसमोर तो एस्ट्रागॉन होता. 1986 मध्ये गेट थिएटरच्या 'जूनो अँड द पेकॉक'मध्ये त्याने कॅप्टन बॉइल केला आणि ते नाटक पुढे न्यूयॉर्कपर्यंत गेलं.

ब्रायन फ्रीलच्या 'फेथ हीलर'बद्दल मात्र थांबून सांगायला हवं. तीन पात्रं आणि चार स्वगतं. पहिलं आणि शेवटचं फ्रँक हार्डीचं. स्पर्शाने रोग बरे करण्याचं सामर्थ्य आपल्यात आहे की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक नाही. 1979 साली न्यूयॉर्कमध्ये जेम्स मेसनसारखा नट असूनही नाटक चाललं नाही. पुढच्या वर्षी ॲबीत जो डाउलिंगच्या दिग्दर्शनात मॅकॅन फ्रँक झाला आणि या नाटकाला त्याचं मोठेपण मिळालं. ही भूमिका त्याला का साधली असावी, हे संहितेतच दिसतं. फ्रँक स्कॉटलंडमधल्या एका गावाचं नाव घेतो, पण तिथे मृत जन्मलेल्या आपल्या मुलाविषयी चकार शब्द काढत नाही. ते आपल्याला इतर दोघांकडून कळतं. न बोललेलं ऐकू यावं असं बोलणारा नट तिथे हवा होता.

1995 साली लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये त्याने सेबॅस्टियन बॅरीच्या 'द स्टुअर्ड ऑफ ख्रिस्टेंडम'मधला थॉमस डन केला. एकेकाळी ब्रिटिश अमलाखालच्या डब्लिन पोलिसांत वरिष्ठ अधिकारी असलेला आणि आता वेड्यांच्या इस्पितळात पडलेला हा म्हातारा. त्याच्याभोवती मुली येतात, महायुद्धात मेलेला मुलगा येतो. तिथेही त्याला मेलेल्यांचं ऐकायचंच होतं. ही त्याची अखेरची मोठी भूमिका ठरली. सिनेमाने मात्र त्याला पुरेसं काही दिलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. 'डिसेंबर ब्राइड' (1990), बर्तोलुचीचा 'स्टीलिंग ब्यूटी' (1996) अशी थोडीच नावं निघतात. दारूनेही त्याची बरीच वर्षं खाल्ली. कर्करोगाने 17 जुलै 1999 रोजी तो गेला तेव्हा 56 वर्षांचा होता.

'द डेड' 83 मिनिटांचा आहे. आधी जॉइसची कथा वाचावी, मग तो पाहावा. आणि दुसऱ्यांदा पाहताना जो बोलत नसेल त्याच्याकडे लक्ष ठेवावं.