नाव मागणारा, नावे ठेवणारा

मुहम्मद अलीची गोष्ट आपल्याकडे ठरलेल्या साच्यात सांगितली जाते. उर्दू शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांत एखादा तरी विद्यार्थी ती पाठ करून येतोच. लहानपणी सायकल चोरीला गेली म्हणून मुलगा मुष्टियुद्ध शिकला. ऑलिंपिकचे सुवर्णपदक घेऊन गावी परतला तर गोऱ्यांच्या हॉटेलात त्याला जेवण मिळाले नाही, म्हणून त्याने पदक नदीत फेकले. मग इस्लाम कबूल केला, व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार दिला आणि हॉलिवूडच्या फुटपाथवर आपले नाव बसवू दिले नाही, कारण त्यात रसूलचे नाव आहे. इथे टाळ्या पडतात. यातले बहुतेक खरे आहे. तरीही ही गोष्ट ऐकताना आम्हांला वाटते की आपल्यापुढे भिंतीवरचे पोस्टर धरले आहे आणि त्यामागचा माणूस कोणी दाखवतच नाही.

पदकाची गोष्ट तर पोस्टरवरचीच. १९७५ साली 'द ग्रेटेस्ट' हे अलीचे आत्मकथन निघाले. त्यात ती आहे. पुस्तक रिचर्ड डरहॅमने शब्दांत मांडले आणि संपादन केले टोनी मॉरिसनने, जिला पुढे नोबेल मिळाले. पण अलीच्या जवळच्या लोकांनी नंतर सांगितले की पदक हरवले होते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला दुसरे पदक देण्यात आले. त्याच्या लुईव्हिल गावात काळ्यांना हॉटेलात बसू देत नव्हते, हे मात्र खरेच होते. नदीत पदक पडले नाही म्हणून तो अपमान कमी होत नाही. तेव्हा या गोष्टीशी आम्ही भांडत बसत नाही. आमचे भांडण आहे ते नावाच्या गोष्टीशी. अलीच्या आयुष्याचा कणा तोच आहे आणि तोच आपण अर्धा सांगतो.

१७ जानेवारी १९४२ ला जन्मलेल्या या मुलाचे नाव होते कॅशियस मार्सेलस क्ले. हे गुलामीचे नाव आहे असे म्हणून त्याने ते टाकले. गंमत अशी की मूळचा कॅशियस मार्सेलस क्ले हा एकोणिसाव्या शतकातला केंटकीचा गोरा पुढारी होता आणि गुलामगिरीच्या विरोधात होता. त्याच्यावरून बापाला आणि बापावरून मुलाला नाव मिळाले. पण तेवढ्याने अलीचे म्हणणे खोटे ठरत नाही. आपले नाव कोणी ठेवायचे, हा त्याचा प्रश्न होता. २५ फेब्रुवारी १९६४ ला त्याने सनी लिस्टनला हरवून हेवीवेटचे जगज्जेतेपद मिळवले आणि ६ मार्चला 'नेशन ऑफ इस्लाम'चा प्रमुख एलिजा मुहम्मद याने त्याला मुहम्मद अली हे नाव दिले.

या संघटनेविषयी आपल्या भाषणांत कोणी तोंड उघडत नाही. एलिजा स्वतःला अल्लाहचा पैगाम आणणारा म्हणवत असे. त्याचा गुरू फर्द हा साक्षात खुदाच्या रूपात आला होता आणि गोरी माणसे सैतानाची जात आहेत, असे तिथे शिकवले जाई. खत्म-ए-नबुव्वतवर इमान ठेवणाऱ्या कोणत्याही मुसलमानाला हा अकीदा मान्य होणार नाही. म्हणजे १९६४ साली अलीने जो 'इस्लाम कबूल केला' तो आपला नव्हता. आपला इस्लाम त्याने १९७५ मध्ये, एलिजाच्या मृत्यूनंतर, त्याच्या मुलाबरोबर धरला. मधली अकरा वर्षे आपण गिळून टाकतो. आम्हांला ती फार महत्त्वाची वाटतात, कारण त्याच वर्षांत त्याच्या हातून दोन मोठे अन्याय झाले.

पहिला माल्कम एक्सवर. लिस्टनच्या लढतीआधी मायामीत माल्कम त्याच्याबरोबर होता, थोरल्या भावासारखा. दोन आठवड्यांतच माल्कम एलिजापासून वेगळा झाला, हजला गेला आणि मक्केत सर्व रंगांची माणसे एका सफेत पाहून बदलला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात घानाची राजधानी अक्रा इथे दोघे अचानक समोरासमोर आले. माल्कमने प्रेमाने हाक मारली. अलीने पाठ फिरवली, आणि नंतर सोबतच्यांपुढे त्याच्या पोशाखाची टवाळीही केली. २१ फेब्रुवारी १९६५ ला माल्कमचा खून झाला. माल्कमला १९६४ मध्ये जे समजले तिथे पोहोचायला अलीला १९७५ उजाडले, आणि तोवर माफी मागायला समोर कोणी उरले नव्हते. २००४ च्या पुस्तकात अलीने लिहिले की माल्कमकडे पाठ फिरवणे ही आपल्या आयुष्यातली सर्वांत पस्तावा देणाऱ्या चुकांपैकी एक होती. हे वाक्य आपल्या वक्तृत्व स्पर्धांत आले पाहिजे. ते येत नाही.

नकाराच्या बाबतीत मात्र आम्ही त्याला पूर्ण गुण देतो. २८ एप्रिल १९६७ ला ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारले गेले आणि तो पुढे आला नाही. त्याच दिवशी परवाना गेला, पदवी गेली. जूनमध्ये पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. तुरुंगात जावे लागले नाही, कारण अपील चालू होते. पण मार्च १९६७ पासून ऑक्टोबर १९७० पर्यंत तो एकही लढत लढू शकला नाही. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत. मुष्टियोद्ध्याचा हा ऐन बहराचा काळ. अलीचा सारा खेळ पायांवर उभा होता. हात खाली सोडून, मान मागे घेऊन ठोसा चुकवायचा, ही कोणत्याही उस्तादाने चूक ठरवावी अशी रीत त्याला पायांच्या चपळाईमुळे शोभून दिसे. परत आला तेव्हा ते पाय तसे राहिले नव्हते. पुढच्या साऱ्या लढतींत त्याला जो मार खावा लागला त्याचा हिशेब या साडेतीन वर्षांपासून मांडावा लागतो.

आणि नावाचे काय झाले? एप्रिल १९६९ मध्ये, पैशासाठी पुन्हा रिंगणात उतरेन असे तो बोलून गेला म्हणून एलिजाने त्याला वर्षभरासाठी बाहेर काढले आणि त्याला पुन्हा कॅशियस क्ले म्हणावे असे जाहीर केले. ज्या नावासाठी त्याने सरकारशी वैर घेतले ते देणाऱ्यानेच काढून घेतले! तरी अली मुहम्मद अलीच राहिला. आमच्या मते ते नाव खऱ्या अर्थाने त्याचे झाले ते तेव्हा. २८ जून १९७१ ला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्याला सोडले. नकाराची सबब कोणत्या कारणाने फेटाळली, हे अपील मंडळाने सांगितले नव्हते, एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर सुटका झाली. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला आजही 'क्ले विरुद्ध अमेरिका' म्हणूनच छापला जातो.

आता दुसरा अन्याय. नावासाठी अलीने काय केले ते आधी पाहू. ६ फेब्रुवारी १९६७ ला ह्यूस्टनमध्ये अर्नी टेरेलशी लढत होती. टेरेल त्याला क्ले म्हणत राहिला होता. अलीने त्याला पंधरा फेऱ्या झोडपले आणि ठोशागणिक विचारले, माझे नाव काय? आपल्याकडे हा प्रसंग मोठ्या अभिमानाने सांगतात. आम्हांला त्यात अभिमानापेक्षा क्रूरपणा जास्त दिसतो. लढत कधीच त्याच्या हातात आली होती. पुढचे सारे छळ होते.

पण ज्याला नावाची एवढी चाड, त्याने जो फ्रेझरचे काय केले? साउथ कॅरोलिनातल्या गरीब शेतमजुराचा हा मुलगा फिलाडेल्फियाच्या कत्तलखान्यात काम करून वर आला. अलीवर बंदी होती तेव्हा त्याचा परवाना परत मिळावा म्हणून याने शब्द टाकला, अडचणीत पैसेही दिले. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये दोघे भिडले. त्याआधी अलीने फ्रेझरला गोऱ्यांच्या ताटाखालचे मांजर ठरवले. काळ्या वस्तीत यापेक्षा मोठी शिवी नव्हती. फ्रेझर जिंकला, पण त्याच्याच लोकांत परका झाला. १९७५ मध्ये मनिलाच्या लढतीआधी अलीने त्याला गोरिला म्हटले आणि पत्रकारांसमोर रबरी गोरिला काढून त्याला ठोसे मारून दाखवले. गोऱ्यांनी काळ्यांना जनावर म्हणायचे, हा शतकांचा रिवाज. तीच उपमा एका काळ्या माणसाने दुसऱ्याला चिकटवली आणि सारे जग हसले. तिकिटे खपवण्यासाठी हे सारे, असे अलीचे चाहते म्हणतात. असेलही. पण तिकिटे दोघांचीही खपली आणि नाव मात्र एकाच्याच अंगाला चिकटले. कुरआनात सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी हाका मारू नका, असा साफ हुकूम आहे. शाळेत आम्ही तो मुलांना शिकवतो. अलीच्या बाबतीत तो आपल्याला कसा आठवत नाही?

१ ऑक्टोबर १९७५ ची मनिलाची लढत चौदा फेऱ्या चालली. फ्रेझरचे डोळे सुजून बंद झाले होते. त्याचा उस्ताद एडी फचने पंधराव्या फेरीसाठी त्याला उठू दिले नाही. मुष्टियुद्धाचे जाणकार ही लढत फार थोर मानतात. आम्हांला एवढेच दिसते की त्या लढतीनंतर दोघांपैकी एकही पूर्वीसारखा राहिला नाही.

घरातल्या अलीबद्दल थोडक्यात. पहिली बायको सोंजी हिला संघटनेच्या नियमाप्रमाणे कपडे घालायचे नव्हते, म्हणून त्याने १९६६ मध्ये तिला सोडले. दुसरी बेलिंडा लग्नावेळी सतरा वर्षांची होती. ती हयात बायको असताना मनिलात मार्कोसच्या महालात अली वेरोनिकाला घेऊन गेला आणि तीच बायको असा समज होऊ दिला. बेलिंडा विमानाने तिथे गेली, भांडली आणि परतली. पुरुषाची दीनदारी बायकोच्या कपड्यांवर मोजायची आणि स्वतःला सूट द्यायची, हे आपल्याला अनोळखी नाही. म्हणूनच बहुधा हा भाग कोणी सांगत नाही.

त्याने थांबायला हवे होते तेव्हा तो थांबला नाही. १९७४ ला किन्शासात दोरांना टेकून, मार खाऊन, आठव्या फेरीत जॉर्ज फोरमनला लोळवणे हे डोक्याचे काम होते. पण हीच युक्ती शरीराला महाग पडली. जानेवारी १९८० मध्ये तो भारतात आला, मद्रासला प्रदर्शनी लढत खेळला. इथूनच कार्टर सरकारचा निरोप घेऊन आफ्रिकेत गेला, मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाका असे सांगायला. टांझानियाच्या न्येरेरेंनी भेटही दिली नाही. सरकारला नाही म्हणणारा माणूस सरकारचा निरोप्या झालेला पाहून वाईट वाटते. त्याच ऑक्टोबरात एकेकाळी सरावात त्याचे ठोसे झेलणाऱ्या लॅरी होम्सने त्याला असे मारले की दहाव्या फेरीनंतर लढत थांबवावी लागली. तरी १९८१ मध्ये आणखी एक लढत झालीच. १९८४ मध्ये पार्किन्सनचे निदान झाले.

१९९६ मध्ये थरथरत्या हाताने त्याने अटलांटाची ज्योत पेटवली तेव्हा जग रडले. फ्रेझर रडला नाही. त्याला ज्योतीत ढकलून द्यावेसे वाटते, असे काहीसे तो बोलला आणि लोकांनी त्याला कोत्या मनाचा ठरवले. वीसेक वर्षे ज्याला गोरिला म्हणून ओळखले, त्याच्याकडून दिलदारीची अपेक्षा मात्र सगळ्यांनी केली. २००१ मध्ये अलीने वर्तमानपत्रातून माफी मागितली. माफी मला मागायची, वर्तमानपत्राला नाही, असे फ्रेझरचे म्हणणे पडले. आम्हांला त्यात चूक दिसत नाही. बंद्याचा हक बंद्यानेच माफ करायचा असतो.

फ्रेझर ७ नोव्हेंबर २०११ ला गेला. फिलाडेल्फियाच्या चर्चमध्ये अली आला होता. बोलणे तोवर जवळपास बंद झाले होते. फ्रेझरसाठी उठून टाळ्या वाजवा असे सांगितले गेले, तेव्हा तो आधाराने उभा राहिला आणि टाळ्या वाजवीत राहिला.