पॅकेट पकडलं, पण पंचनामा कुठे आहे?

नेटवर्कवरचे संशोधन-पेपर वाचायची सवय असेल तर एक वाक्य तुम्हाला हमखास भेटलेलं असणार. सर्व्हरवर टीसीपीडंप चालवलं आणि ट्रॅफिक टिपलं, अशा अर्थाचं. बस, पुढच्या परिच्छेदापासून आलेख सुरू. किती पॅकेटं टिपायची राहिली, ती कुठल्या जागेवरून टिपली, त्या वेळी मशीनवर किती ताण होता, यातलं काहीच लिहिलेलं नसतं. हाती आलेली फाइल म्हणजे तारेवर घडलेलं सगळं, असं धरून लिहिणारे आणि वाचणारे दोघेही पुढे जातात.

आज या वाक्याची जरा उलटतपासणी करू. माझी टीका पेपर लिहिणाऱ्यांवर आहे, पण तेवढीच नाही. लिनक्समधलं पॅकेट सॉकेट वर्षानुवर्षं वेगवान होत गेलं. मात्र आपण काय पाहिलं नाही हे सांगायची त्याची पद्धत तशीच अर्धवट राहिली, आणि त्याच्या भोवतीच्या साधनांनी तर तेवढंही नीट जपलं नाही. पोलीस पंचनामा करतात तेव्हा काय सापडलं एवढंच लिहीत नाहीत. कुठे, किती वाजता, कोणासमोर हेही लिहितात. पॅकेटच्या फाइलीत नेमका हाच भाग गायब असतो.

आधी थोडी ओळख

नेहमीचं सॉकेट उघडलं की प्रोग्रामला फक्त त्याच्यासाठी आलेला मजकूर मिळतो. इथरनेट, आयपी, टीसीपी ही वरची सगळी पाकिटं कर्नलने आधीच फोडलेली असतात. एएफ_पॅकेट प्रकारचं सॉकेट याच्या उलट वागतं. ड्रायव्हरकडून आलेली फ्रेम कर्नल वरच्या थरांकडे पाठवतो, त्याआधी तिची एक प्रत या सॉकेटला देतो. सॉक_रॉ मागितलं तर इथरनेटच्या हेडरसकट फ्रेम मिळते, सॉक_डीग्रॅम मागितलं तर तो हेडर काढून. प्रोटोकॉलच्या जागी ईटीएच_पी_ऑल दिलं की येणारं-जाणारं सगळंच मिळतं. अर्थात हे कोणालाही करता येत नाही. रूट किंवा कॅप_नेट_रॉ हा अधिकार लागतो. ही रचना लिनक्स २.२ पासूनची, म्हणजे पंचवीस वर्षांहून जुनी. टीसीपीडंप आणि वायरशार्क लिनक्सवर लिबपीकॅप या लायब्ररीमार्फत हेच सॉकेट वापरतात.

पण सगळीच पॅकेटं वर पाठवली तर प्रोग्राम त्यातच बुडून जाईल. मग नको असलेली कर्नलमध्येच गाळायची. ही कल्पना मोगल, रशीद आणि अ‍ॅसेटा यांच्या १९८७ च्या पेपरमध्ये आहे. तिला आजचं रूप दिलं ते स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी, १९९३ च्या युझनिक्स परिषदेतल्या बीपीएफच्या पेपरने. जुना फिल्टर स्टॅकवर चालायचा. यांनी रजिस्टरवर चालणारं छोटंसं यंत्र कर्नलमध्ये बसवलं. फिल्टर आधीच्या रचनेपेक्षा २० पटींपर्यंत वेगवान, आणि एकूण कामगिरी सनच्या एनआयटीपेक्षा १०० पटींपर्यंत सरस, असा त्यांचा दावा होता. पेपर आजही वाचावा असाच आहे: छोटा, स्वच्छ, प्रत्येक निर्णयामागचं कारण सांगणारा.

माझी तक्रार त्या पेपरबद्दल नाही, त्याच्या वारशाबद्दल आहे. त्यातला मुख्य निकष होता एका पॅकेटमागे किती वेळ खर्च होतो हा. त्या काळच्या मशीनवर तो योग्यच होता. पुढे मात्र जवळपास सगळी सुधारणा त्याच एका रेषेवर होत गेली. कर्नल आणि प्रोग्राम यांच्यात सामायिक मेमरीचा रिंग बफर आला. त्या रिंगच्या आवृत्त्या निघाल्या, लिनक्स ३.२ मध्ये तिसरी. ३.१ मध्ये एकाच ट्रॅफिकची अनेक सॉकेटांत वाटणी करणारी फॅनआउट सोय आली. वेग, अजून वेग. साक्ष किती भरवशाची आहे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

साक्षीदार उभा कुठे आहे?

पहिला मुद्दा जागेचा. पॅकेट सॉकेट तारेवर बसलेलं नसतं. ते कर्नलच्या वाटेत एका ठरावीक वळणावर उभं असतं. आत येणारं पॅकेट त्याला फायरवॉलच्या आधी दिसतं, बाहेर जाणारं फायरवॉलच्या नंतर. म्हणून आयपीटेबल्सने अडवलेलं येणारं पॅकेट फाइलीत दिसेल, पण अडवलेलं जाणारं दिसणार नाही. फाइल एकच, नियम दोन. हे माहीत नसलेला माणूस ‘पॅकेट आलं होतं, मग अ‍ॅप्लिकेशनने उत्तर का दिलं नाही?’ यावर दिवस घालवू शकतो.

एक्सडीपीची गोष्ट आणखी पुढची. तो प्रोग्राम पॅकेट सॉकेटच्याही आधी चालतो. त्याने टाकून दिलेली पॅकेटं टीसीपीडंपला दिसतच नाहीत. हल्ल्याचं ट्रॅफिक एक्सडीपीने अडवलं आणि त्याच मशीनवर टीसीपीडंपने मोजलं, तर हल्ला झालाच नव्हता असं वाटेल.

आता पॅकेटांच्या आकाराकडे बघा. कर्नल एकाच प्रवाहातली लागोपाठ आलेली पॅकेटं जीआरओ नावाच्या सोयीने आधीच जोडून टाकतो. बाहेर जाताना उलट: मोठा गठ्ठा कार्डाकडे जातो आणि कार्ड त्याचे तुकडे करतं. आपलं सॉकेट या दोन्हींच्या मध्ये असतं. तारेवर १५०० बाइटची मर्यादा आहे आणि फाइलीत कित्येक हजार बाइटची पॅकेटं दिसतायत, असं झालं तर घाबरू नका. पण अशा फाइलीवरून कोणी पॅकेटांच्या आकाराचा किंवा दोन पॅकेटांमधल्या अंतराचा आलेख काढला असेल, तर तो आलेख नेटवर्कचा नाही; त्या मशीनच्या सेटिंगचा आहे. चेकसमचंही तसंच. तो कार्ड भरणार असेल तर कर्नलमधल्या प्रतीत तो चुकीचाच दिसतो. वायरशार्कमध्ये टीसीपी चेकसमची तपासणी मुळात बंद ठेवलेली असते ती यामुळेच.

ईथटूलने या सोयी बंद करता येतात, हे खरं. पण बंद केल्यावर प्रोसेसरवरचा भार वाढतो. म्हणजे मोजण्यासाठी तुम्ही मोजायची वस्तूच बदललीत. कधी ते चालेल, कधी नाही. मात्र काय केलं ते लिहायला तर हवं!

जे सुटलं त्याची नोंद

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. १० गिगाबिटच्या जोडणीवर सगळ्यात लहान फ्रेमचा पूर्ण भार आला तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख पॅकेटं येतात, म्हणजे एकेका पॅकेटला जेमतेम ६७ नॅनोसेकंद. मोठी पॅकेटं असली तरी सेकंदाला सव्वा गिगाबाइट माल येतोच. लिबपीकॅप लिनक्सवर काही न सांगता जो बफर घेतं तो २ मेगाबाइटचा. पूर्ण पॅकेटं साठवायची तर तो भरायला दोन मिलिसेकंदही लागत नाहीत. तेवढ्या वेळात तुमचा प्रोग्राम डिस्कवर लिहीत अडकला, किंवा प्रोसेसर दुसऱ्या कामाला गेला, की पॅकेटं सुटायला लागली.

सुटू देणं हा निर्णय मला मान्य आहे. बघ्यासाठी रहदारी थांबवायची नाही, हेच बरोबर. निरीक्षकाला वेळ नाही म्हणून कर्नलने सर्व्हरचं काम अडवलं असतं, तर असं सॉकेट कोणी वापरलंच नसतं. माझा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे.

किती पॅकेटं आली आणि किती टाकली याचा हिशेब कर्नलकडे असतो. पॅकेट_स्टॅटिस्टिक्स विचारलं की तो देतो, आणि देताच मोजणी पुन्हा शून्यावर आणतो. म्हणजे विचारणाऱ्याने आकडा जपून ठेवला नाही तर तो गेलाच. रिंग बफरमध्ये काही सुटलं असल्याची खूण करणारा एक ध्वजही आहे. पण कार्डाच्या स्वतःच्या रांगेत जागा नसल्यामुळे गेलेली पॅकेटं या हिशेबात नसतात, कारण ती कर्नलपर्यंत पोचलेलीच नसतात.

एवढा तुटपुंजा हिशेब तरी फाइलीत उतरावा? टीसीपीडंप बंद करताना स्क्रीनवर शेवटच्या ओळी येतात: इतकी टिपली, इतकी फिल्टरकडे आली, इतकी कर्नलने टाकली. त्या ओळी टर्मिनलवर छापल्या जातात, फाइलीत लिहिल्या जात नाहीत. खिडकी बंद केली की संपलं. जुन्या पीकॅप फॉरमॅटमध्ये त्यांना जागाच नाही. फाइलीच्या सुरुवातीला २४ बाइटचा हेडर, मग प्रत्येक पॅकेटमागे १६ बाइट: वेळ, टिपलेली लांबी, मूळ लांबी. गंमत बघा, पॅकेट अर्धवट टिपलं तर फाइल ते प्रामाणिकपणे कबूल करते, त्यासाठी दोन वेगळ्या लांब्या ठेवते. अख्खं पॅकेट सुटलं तर मात्र ते सांगायला तिच्याकडे शब्दच नाही.

दोन टक्क्यांनी काय बिघडतं?

असं विचारणारे भेटतात, आणि प्रश्न वाजवी आहे. सुटलेली पॅकेटं जर यादृच्छिक असती, म्हणजे कुठलीही, कुठेही, तर फारसं बिघडलं नसतं. सर्वेक्षणात काही घरं सुटली तरी सरासरी निघतेच. पण बफर भरतो तो गर्दीच्या क्षणी. सुटतात ती लागोपाठची पॅकेटं, आणि नेमकी लोंढा आला तेव्हाची. तुमचा अभ्यास लोंढ्यांचाच असेल, म्हणजे कोंडी, रांगा, अचानक वाढलेला भार यांचा, तर ज्याचा शोध घेताय तेच आधी गाळलं जातंय. पावसाचा जोर वाढला की बंद पडणारं पर्जन्यमापक घेऊन अतिवृष्टीचा अभ्यास केल्यासारखं हे आहे. एकूण टक्केवारी लहान दिसेल, निष्कर्ष मात्र उलटा निघू शकेल.

हे मी नव्याने सांगतोय असं मुळीच नाही. व्हर्न पॅक्सन यांनी १९९७ च्या सिगकॉममध्ये टीसीपीच्या नोंदी आपोआप तपासण्यावर पेपर लिहिला. त्यात टिपणाऱ्या फिल्टरच्याच चुकांचा सविस्तर विचार आहे: पॅकेटं गळणं, जास्तीची दिसणं, क्रम बदलणं, वेळा चुकणं. युक्ती साधी आणि सुंदर आहे. समोरच्याने एखादा डेटा मिळाल्याची पोच दिली, पण तो डेटा गेल्याची नोंदच फाइलीत नाही, तर गळती नेटवर्कमध्ये नाही, टिपणाऱ्याकडे आहे. २००४ मध्ये त्यांनी मोजमाप कसं सच्चं ठेवावं यावर पुन्हा लिहिलं, आणि मोजण्याच्या परिस्थितीची नोंद जपण्यावर भर दिला. इतकी वर्षं उलटून गेली तरी आपण ‘टीसीपीडंप चालवलं’ एवढ्यावरच थांबतो!

‘नवीन साधनं वापरा की’

हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. एएफ_एक्सडीपी हे नवं सॉकेट खूप वेगवान आहे, पण ते प्रत देत नाही. तिकडे वळवलेलं पॅकेट कर्नलच्या नेहमीच्या वाटेवर जातच नाही. चालत्या सर्व्हरकडे बाजूला उभं राहून बघायचं असेल तर ते या कामाचं नाही. फॅनआउटने भार वाटला जातो, पण वेगवेगळ्या सॉकेटांत गेलेल्या पॅकेटांचा आपसातला क्रम तुम्हालाच वेळेवरून जुळवावा लागतो. वेग वाढला की गळती कमी होते हे खरं. तरी उरलेल्या गळतीची नोंद आपोआप होत नाही, आणि माझा प्रश्न तिथेच आहे.

उत्तराच्या जवळ जातो तो पीकॅप-एनजी हा फॉरमॅट. त्यात इंटरफेसच्या आकडेवारीचा वेगळा भाग आहे. कार्डाने किती टाकली, ऑपरेटिंग सिस्टिमने किती टाकली, हे त्यात लिहिता येतं. एखाद्या पॅकेटच्या आधी किती सुटली हेसुद्धा त्या पॅकेटसोबत नोंदवता येतं. म्हणजे पंचनाम्याचा कोरा फॉर्म तयार आहे, भरणारा हवा. टीसीपीडंप मात्र आजही फाइल लिहितं ती जुन्याच फॉरमॅटमध्ये.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? फाइल बनवत असाल तर तिच्याशेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवा. तिच्यात या गोष्टी लिहा:

- टीसीपीडंपच्या शेवटच्या ओळी, जशाच्या तशा.
- सुरुवातीला आणि शेवटी कार्डाने दाखवलेले गळतीचे आकडे.
- जीआरओ आणि तत्सम सोयी चालू होत्या की बंद.
- कर्नलची आवृत्ती, बफरचा आकार, फिल्टरची ओळ.
- वेळेचा शिक्का कर्नलने मारला की कार्डाने.

पाच मिनिटांचं काम आहे. आणि तुम्ही पेपर तपासत किंवा नुसता वाचत असाल, तर आलेखांकडे जाण्याआधी एकच गोष्ट शोधा: किती पॅकेटं सुटली याचा आकडा दिलाय का? ‘शून्य’ असा दिला असेल तरी चालेल. कोणीतरी पाहिलं होतं एवढं तरी कळतं. आकडाच नसेल, तर त्या पेपरमधल्या लोंढ्यांबद्दलच्या आणि वेळांबद्दलच्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवा.